इस्पितळातले घर

'पुनर्वसन विभाग' ही पाटी वाचून दाराशी थबकलेली माणसे मी अनेक वर्षे पाहत आले आहे. त्यातले एक म्हातारबाबा अजून डोळ्यांसमोर आहेत. मूळचे पाटण तालुक्यातले, कोयनेच्या पाण्याखाली घरदार गेलेले. तरुण मुलगा स्ट्रेचरवर होता. पाटीकडे बोट करून ते मला म्हणाले, "बाई, आमचं पुनर्वसन तर मागंच झालं, धरणाच्या वक्ताला. आता ह्यो कसला कागद करायचा?"

त्यांचे काही चुकले नव्हते. महाराष्ट्रातल्या माणसाला हा शब्द धरणांनी शिकवला आणि १९९३ साली किल्लारीच्या भूकंपाने पुन्हा पाठ करून घेतला. पुनर्वसन म्हणजे उठलेले गाव दुसरीकडे वसवणे. त्यांचा मुलगा झाडावरून पडला होता. मणका मोडला होता, मज्जारज्जूला इजा झाली होती. शस्त्रक्रिया उत्तम झाली होती, सळ्या बसल्या होत्या, टाके निघाले होते. कमरेखाली मात्र संवेदना नव्हती, हालचाल नव्हती, लघवीला नळी होती आणि माकडहाडावर तळहाताएवढी जखम. त्याचे शरीरच त्याच्यासाठी परके गाव झाले होते आणि तिथे त्याला नव्याने बिऱ्हाड मांडायचे होते. पाणी कुठून आणायचे, वाट कुठली, दिवस कसा काढायचा, हे सगळे पुन्हा पहिल्यापासून शिकायचे होते. म्हातारबाबांना मी म्हटले, "कागद नाही करायचा, बाबा. हेही वसवणंच आहे."

माझ्या तरुण सहकाऱ्यांनी लिहिलेले हे पुस्तक या वसवण्याच्या विद्येबद्दल आहे. नेमके सांगायचे तर, ही विद्या डॉक्टरांना जिथे शिकवायची त्या जागेबद्दल आहे. वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पुनर्वसन वैद्यक शिकवायचे तर काय काय हवे, कोणत्या खोल्या, कोणती साधने, किती खाटा, कोणती माणसे, याचा विचार त्यांनी केला आहे. विषय रुक्ष वाटेल. इमारतींची आणि उपकरणांची चर्चा प्रशासनाने करावी, डॉक्टरांनी विद्या शिकावी, असे अनेकांना वाटते. मला तसे वाटत नाही. आमच्या शाखेत जागा हीच शिक्षक असते. ती चुकीची बांधली तर विद्याही चुकीची शिकवली जाते.

आधी एक नेहमीचा गैरसमज दूर करते. पुनर्वसन वैद्यकाचा डॉक्टर म्हणजे फिजिओथेरपिस्ट नव्हे. भौतिकोपचार आणि व्यवसायोपचार या स्वतंत्र, समर्थ विद्या आहेत. आमचा डॉक्टर एमबीबीएसनंतर तीन वर्षे या विषयात एमडी करतो. निदान, मूत्राशयाची काळजी, ताठरलेल्या स्नायूंसाठी औषधे आणि इंजेक्शने, जखमा, वेदना, कॅलिपरची आणि कृत्रिम पायाची लेखी शिफारस, आणि या सगळ्यांना एका दिशेने नेणाऱ्या गटाला धरून ठेवणे हे त्याचे काम. शस्त्रक्रिया करणारा विचारतो, काय मोडले? आम्ही विचारतो, उद्या सकाळी उठल्यावर या माणसाला काय काय करावे लागणार आहे?

या प्रश्नाचे उत्तर खाटेवर मिळत नाही. एमबीबीएसच्या साडेचार वर्षांत विद्यार्थ्याने रुग्ण बहुतेक वेळा आडवाच पाहिलेला असतो. रुग्ण झोपलेला, डॉक्टर उभा. आमच्याकडे आलेल्या नव्या निवासी डॉक्टरला पहिली गोष्ट शिकायची असते ती म्हणजे रुग्ण उठला की काय होते. मान मोडलेल्या रुग्णाला टिल्ट टेबलवर हळूहळू उभे करताना रक्तदाब कसा कोसळतो, छातीच्या वरच्या भागात मज्जारज्जू तुटलेल्या माणसाची लघवीची नळी नुसती दुमडली तरी तोच रक्तदाब कसा भडकतो आणि डोके फुटेल असे का दुखते, पॅरलल बारमध्ये पहिले पाऊल टाकताना अर्धांगवायू झालेल्या माणसाची नजर कुठे असते, हे पुस्तकात वाचून कळत नाही. त्यासाठी व्यायामशाळा वॉर्डाला लागून हवी. दुसऱ्या इमारतीत, दोन मजले खाली, लिफ्ट बंद असली की स्ट्रेचरच्या रांगेत उभे राहून गाठायची व्यायामशाळा नकाशावर असते. निवासी डॉक्टर तिथे कधी पोचत नाही.

आपल्याकडे या कामाचा इतिहास जुना आहे आणि त्याचा मोठा भाग याच भूमीवर घडला आहे. पहिल्या महायुद्धात जायबंदी झालेल्या हिंदी सैनिकांसाठी १९१७ साली मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल स्कूल निघाले. पुढे ते खडकीला गेले. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, पुण्यात सैन्याचे कृत्रिम अवयव केंद्र सुरू झाले. आपल्या मुलीला पोलिओ झाल्यावर फातिमा इस्माईल यांनी १९४७ साली मुंबईत पोलिओच्या मुलांसाठी दवाखाना काढला. हाजी अलीचे मुलांचे अस्थिव्यंग रुग्णालय त्याच कामातून उभे राहिले. तिथून जवळच, १९५५ साली, संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने केंद्र सरकारने अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था स्थापन केली. डॉक्टर, भौतिकोपचार आणि व्यवसायोपचार करणारे, कृत्रिम अवयव बनवणारे, समाजसेवक या सगळ्यांनी एकाच छपराखाली काम करायचे आणि तिथेच पुढची पिढी घडवायची, ही कल्पना तिथे रुजली. आज इतक्या वर्षांनंतरही एखाद्या महाविद्यालयाला नवा विभाग काढायचा असेल तर मी त्यांना आधी हाजी अलीला जाऊन एक दिवस नुसते बसा असे सांगते.

दोन बायकांबद्दल मात्र जरा थांबून लिहायला हवे.

एलिझाबेथ लुंडी ही अमेरिकन क्वेकर घरातली मुलगी. विष्णू निंबकरांशी लग्न करून ती कमला निंबकर झाली आणि इथलीच होऊन गेली. संसार, मुले, स्वातंत्र्यचळवळीचा काळ यांतून गेल्यावर, मधल्या वयात, ती अमेरिकेत जाऊन व्यवसायोपचार शिकली आणि परत येऊन १९५० साली केईएम रुग्णालयात तिने या विषयाची आपल्या देशातली पहिली शाळा उघडली. मला महत्त्वाची वाटते ती शाळेची जागा. ही शाळा रुग्णालयात होती, रुग्णांच्या हाताला लागून. डबा उघडणे, वेणी घालणे, बटण लावणे, मुलाला मांडीवर घेणे या गोष्टींना उपचार मानायचे आणि शास्त्र म्हणून शिकवायचे, हे मुंबईच्या एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयाने त्या काळी मान्य केले. आज अनेक विभागांत व्यवसायोपचाराला जिन्याखालची खोली मिळते. ते पाहिले की मला कमलाबाईंची आठवण येते आणि वाईट वाटते.

दुसऱ्या मेरी वर्गीस. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातल्या तरुण डॉक्टर. १९५४ साली मोटार अपघातात त्यांचे कमरेखालचे शरीर कायमचे निकामी झाले. त्यांनी चाकाच्या खुर्चीत बसून कुष्ठरुग्णांच्या वाकड्या झालेल्या बोटांवर शस्त्रक्रिया केल्या. पुढे न्यूयॉर्कमध्ये हॉवर्ड रस्क यांच्या संस्थेत पुनर्वसन वैद्यक शिकून त्या वेल्लोरला परतल्या, विभागाच्या प्रमुख झाल्या, आणि १९६६ साली तिथे रुग्णांना दाखल करून घेणारे पुनर्वसन केंद्र उभे राहिले. १९७२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची कथा आपण धैर्याची कथा म्हणून सांगतो, आणि ती तशी आहेच. मला तिच्यात बांधकामाची गोष्टही दिसते. त्यांची खुर्ची शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत पोचू शकली म्हणून त्या शल्यचिकित्सक राहू शकल्या. कोणीतरी टेबल खाली घेतले असेल, वाटेतले सामान हलवले असेल, दार रुंद केले असेल.

म्हणून या पुस्तकातले विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाचे आणि ग्रंथालयाचे प्रकरण मला सर्वांत धाडसाचे वाटले. आजच्या आपल्या किती महाविद्यालयांत चाकाच्या खुर्चीतली मुलगी एमडी करू शकेल? व्याख्यानकक्षाच्या पायऱ्या, रात्रपाळीच्या खोलीतले शौचालय, ग्रंथालयाचा वरचा मजला, हे सगळे तिच्या वाटेत येईल. जो विभाग रुग्णांना सांगतो की तुम्ही कामावर परत जाऊ शकता, त्या विभागात अपंग डॉक्टरला काम करता येत नसेल तर त्याच्या बोलण्यावर रुग्णाने विश्वास का ठेवावा?

आता कॅलिपर आणि कृत्रिम पाय बनवणारी कार्यशाळा. ज्यांना हे पुस्तक सगळे वाचायला वेळ नसेल त्यांनी निदान ते प्रकरण वाचावे.

मी शिकत असताना पोलिओची मुले रोज येत. १३ जानेवारी २०११ या दिवशी देशातला शेवटचा पोलिओ रुग्ण नोंदला गेला आणि २०१४ साली आपण पोलिओमुक्त ठरलो. हे वाक्य लिहिताना आजही माझा हात क्षणभर थांबतो, इतके ते दिवस मनात आहेत. त्या दिवसांत एका मुलीसाठी मी माझी पहिली कॅलिपरची चिठ्ठी लिहिली. मापे बरोबर होती, सांधा कुठे हवा तेही बरोबर होते. पंधरा दिवसांनी ती घोट्यावर जखम घेऊन आली. कार्यशाळेतले वयस्कर कारागीर मला हाताला धरून आत घेऊन गेले. प्लास्टरच्या धुळीने सगळे पांढरे झालेले, कातड्याचा आणि तापलेल्या प्लास्टिकचा वास. त्यांनी बूट माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "बाई, आत बोट घाला. कुठं टोचतं ते सांगा." मी बोट घातले. शिवणीची कड नेमकी हाडाच्या टोकावर येत होती. तिला संवेदना होती, टोचत होते, पण घरी आईवडिलांनी पैसे जमवून आणलेले कॅलिपर म्हणून ती बोलली नव्हती. मी चिठ्ठी लिहून मोकळी झाले होते, तिला चालताना पाहिलेच नव्हते. तेव्हापासून दर मंगळवारी दुपारी मी कार्यशाळेत बसू लागले.

कृत्रिम पाय कसा होतो ते निवासी डॉक्टरने हाताने करून पाहायला हवे. उरलेल्या पायाभोवती ओली प्लास्टरची पट्टी गुंडाळायची, ती सुकली की काढायची, तिच्यात प्लास्टर ओतून पायाची प्रतिकृती करायची, मग जिथे भार पेलतो तिथे ती कोरायची आणि जिथे हाड नाजूक तिथे भर घालायची, त्यावर तापवलेला पॉलिप्रॉपिलीनचा तक्ता बसवायचा. या कोरण्यात आणि भर घालण्यात शरीररचनाशास्त्र आहे, आणि ते शवविच्छेदनाच्या टेबलापेक्षा इथे जास्त पक्के होते. जयपूर फूटही असाच कार्यशाळेत जन्माला आला. १९६८ च्या सुमारास जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात अस्थिशल्यचिकित्सक प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी मिळून असा पाय घडवला की माणूस अनवाणी चिखलात जाऊ शकेल, उकिडवा बसेल, मांडी घालून जेवेल. परदेशी पाय बुटासाठी बनलेला होता, आपला माणूस उंबऱ्याबाहेर चप्पल काढून ठेवतो. हे डॉक्टरला आणि कारागिराला एकत्र बसल्याशिवाय सुचले नसते. कार्यशाळा बाहेरच्या ठेकेदाराकडे देऊन टाकणारी रुग्णालये काय गमावतात, ते इथे कळावे.

उकिडवे बसण्यावरून सरावाच्या घराकडे येते. लेखकांनी मांडलेली ही कल्पना नवी नाही, पण ज्या आग्रहाने त्यांनी ती मांडली आहे तो आग्रह मला मनापासून पटतो. विभागातच एक लहानसे घर हवे. ओटा, गॅसची शेगडी, खाली पाटा ठेवायची जागा, मोरी, बादली आणि तांब्या, जमिनीवरचे अंथरूण, भारतीय पद्धतीचे शौचालय, चार बोटांचा उंबरठा. मुंबईत असाल तर लोकलच्या दाराचा मधला खांब आणि फलाटाची फट. जिल्ह्याच्या गावी असाल तर एसटीची पायरी. डाव्या बाजूला लकवा मारलेल्या बाईने एका हाताने कणीक मळून दाखवेपर्यंत तिला घरी पाठवायचे नाही, आणि ती मळत असताना निवासी डॉक्टरने शेजारी उभे राहायचे. कोणता सांधा, कोणता स्नायू, कोणती जिद्द, तिन्ही एका ताटात दिसतात.

रॅम्पचा नियम सगळ्यांना पाठ असतो: एकास बारा. एक फूट चढायला बारा फूट उतार. पण ज्याने स्वतः टेप धरून मोजले नाही त्याला या आकड्याचा अर्थ कळत नाही. कोकणातल्या घराचा ओटा दोन फूट उंच असेल तर चोवीस फूट लांबीचा रॅम्प हवा. एवढे अंगण सगळ्यांकडे नसते. मग रॅम्प वळवायचा का, मागच्या दाराने काढायचा का, की पुढच्या खोलीतच त्याचे सगळे मांडायचे, हा विचार डॉक्टरने करायचा असतो. म्हणून विभागाकडे एक गाडी हवी आणि आठवड्यातून एक दिवस घरभेटीला. उपकरणांच्या यादीत गाडी लिहिली की वरिष्ठ कार्यालय ती खोडते, असा माझा अनुभव आहे. लेखकांनी ती यादीत पहिल्या पानावर ठेवली आहे, त्याचा मला आनंद आहे.

यंत्रांबद्दल मी थोडक्यात लिहिते, कारण त्यांच्याबद्दल बोलणारे पुष्कळ आहेत. नसांची आणि स्नायूंची विद्युत तपासणी हवी, मूत्राशयातला दाब मोजणारे यंत्र हवे, चालण्याची चिकित्सा करणारी प्रयोगशाळा परवडली तर हवी. पण मूत्राशयाच्या बाबतीत एक साधी गोष्ट मोठी आहे. १९७२ साली अमेरिकेत जॅक लॅपिडिस यांनी दाखवले की रुग्णाने ठरावीक वेळाने स्वतःच स्वच्छ नळी घालून मूत्राशय रिकामे केले तर मूत्रपिंडे वाचतात. सगळे निर्जंतुक असण्याची गरज नाही. हे शिकवायला लागते काय? दार बंद होणारी खोली, बेसिन, साबण, आरसा, चांगला दिवा आणि वेळ देणारी परिचारिका. मोठमोठ्या रुग्णालयांत मी हीच खोली शोधली आणि मला ती सापडली नाही. पडद्याआड, पंचवीस खाटांच्या वॉर्डात, एकोणीस वर्षांच्या मुलीला हे कसे शिकवायचे?

पाण्याचेही तसेच. सांगली जिल्ह्यातल्या पेठ गावचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंग झाले. उपचार म्हणून ते पाण्यात उतरले आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक घेऊन आले. पाण्यात शरीराचा भार हलका होतो, ताठर स्नायू सैलावतात, जे जमिनीवर हलत नाही ते हलते. खर्च कमी करायचा झाला की नकाशातून पहिल्यांदा उपचाराचा तलाव पुसला जातो. लेखकांनी लहान, उबदार पाण्याची टाकी सुचवली आहे. तेवढी तरी राहावी.

खाटा आणि दिवस यांचा हिशेब प्रशासनाला नेहमी खटकतो. इतर वॉर्डांत रुग्ण आठवड्यात घरी जातो, आमचा दोन-तीन महिने राहतो. खाट अडकली, असे म्हणतात. माझे म्हणणे असे की त्या दोन-तीन महिन्यांतच डॉक्टर घडतो. जेवण, आंघोळ, कपडे, खुर्चीत बसणे, जिना, बोलणे, लक्षात ठेवणे अशा अठरा गोष्टी एक ते सात गुणांत मोजणारी एक मापनपद्धती आम्ही वापरतो. कमीत कमी अठरा, जास्तीत जास्त एकशे सव्वीस. दाखल होताना चाळीसवर असलेला माणूस नव्वदवर जाताना ज्याने रोज पाहिला, त्यालाच कळते की मधले पन्नास गुण कशाने मिळाले आणि कुठे अडकले. निवासी डॉक्टरांची दर महिन्याला बदली करणाऱ्या पद्धतीत हे दिसतच नाही. एक डॉक्टर, एक रुग्ण, दाखल झाल्यापासून घराच्या दारापर्यंत, ही अट लेखकांनी घातली आहे आणि माझा तिला पूर्ण पाठिंबा आहे.

अपंगत्वाच्या दाखल्याचा दिवस हाही शिक्षणाचाच भाग. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्याने ते एकवीस केले. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या. बहुतेक सवलतींसाठी चाळीस टक्के हा आकडा निर्णायक ठरतो. एकोणचाळीस आणि चाळीस यांच्यामध्ये एखाद्याची नोकरी असते, हे लक्षात ठेवून कोनमापक हातात धरायला शिकवावे लागते. त्यासाठी तळमजल्यावर, सावलीत, बसायला बाके असलेली जागा हवी. रांगेत उभे राहू न शकणाऱ्यांची रांग उन्हात लावू नये, इतके तरी.

नव्या निवासी डॉक्टरांना मी पहिल्या आठवड्यात नसीमा हुरजूक यांचे 'चाकाची खुर्ची' हे आत्मकथन वाचायला देते. परीक्षेला त्यातले काही येत नाही. पण खुर्चीच्या उंचीवरून जग कसे दिसते हे एकदा कळले की ही मुले वॉर्डात रुग्णाशी बोलताना स्टूल ओढून बसतात. वॉर्डात पुरेशी स्टुले हवीत, हेही या पुस्तकाच्या यादीत आहे.

पाटणच्या त्या म्हातारबाबांचा मुलगा आमच्याकडे अकरा आठवडे राहिला. जखम भरली, नळी स्वतः घालायला शिकला, खाटेवरून खुर्चीत आणि खुर्चीतून खाटेवर जाऊ लागला. घरी जायच्या आधी आम्ही बाबांना सांगितले की घराची मापे आणा. ते गेले आणि चार दिवसांनी परत आले. टेप नव्हती, म्हणून सुतळीला गाठी मारून आणल्या होत्या. ही पहिली गाठ पुढच्या दाराची रुंदी, ही उंबऱ्याची उंची, ही मोरीची, ही खाटेपासून चुलीपर्यंत. या पुस्तकाच्या लेखकांपैकी एक तेव्हा पहिल्या वर्षाला होती. तिने वॉर्डाच्या फरशीवर बसून ती सुतळी खुर्चीच्या चाकांना आडवी लावली. दाराची गाठ चाकाच्या दोन बोटे आत येत होती. तिने वर पाहिले आणि विचारले, "बाबा, दाराची चौकट लाकडाची आहे का भिंतीत बसवलेली?"